दामिनीच्या नावाचा उपास

मुलीचं लग्न जुळलं की घरात कसा आवाज वाढतो, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. सानगडीच्या गोपीचंद यांच्या घरात मात्र रिताचं लग्न जुळलं आणि बोलणं कमी झालं. स्थळ काही वाईट नव्हतं. मुलगा प्रितम जवाहरनगरच्या फॅक्टरीत कायम झालेला, राहायला क्वार्टर मिळालेलं. त्याचे वडील इश्वर आसगावचे, घरच्या शेतातलं धान खाणारे, देण्याघेण्याचं नावही न काढणारे. बाजारातल्या आपल्या कापडाच्या दुकानात बसून गोपीचंदांनी गिऱ्हाइकांना पेढे वाटले. पण घरी आले की ते अंगणाकडे पाठ करून बसत.

अंगणातून चेंडू आपटल्याचा आवाज येई. थोरली दामिनी तिथं, आईनं सारवलेल्या जमिनीवर, बास्केटबॉल आपटत असे आणि त्यापायी शिव्या खात असे. ती गेली त्याला वर्ष व्हायचं होतं. सीताबाईंनी तो चेंडू तांदळाच्या पोत्यांमागे टाकून दिला होता, तरी दिवेलागणीला आवाज येईच. गोपीचंद उठून दार लावून घेत. आत चुलीपाशी सीताबाई हातातली भाकर तशीच धरून ऐकत राहत. दोघांनाही ऐकू येत होतं आणि दोघांनीही एकमेकांना कधी विचारलं नाही.

दामिनी कशानं गेली असं कोणी विचारलं की 'ताप डोक्यात गेला' हे उत्तर ठरलेलं होतं. खरं कारण सिकलसेल हे होतं. आपल्या भागात हा आजार नवा नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात, हाडं आणि सांधे ठणकतात, डोळे पिवळे पडतात, कधी छातीत भरतं. तो आई आणि बाप अशा दोघांच्या रक्तातून येतो. त्यात ना कुणाचं पाप, ना कुणाची नजर. डॉक्टरांनी दामिनीला बजावलं होतं की पाणी पीत राहायचं, उपास करायचे नाहीत, जिवापलीकडे दमायचं नाही. गोपीचंदांनी ते ऐकलं आणि घरी येऊन वेगळंच बजावलं, की हे कुणाला सांगायचं नाही. धाकट्या रितालासुद्धा 'ताईचं रक्त कमी आहे' एवढंच सांगितलं गेलं. बाहेर कळलं तर दोन्ही पोरींना कोण करून घेणार!

मग दामिनीनं काय केलं? सगळ्या खेळतात तशी खेळली, सगळ्या पितात तेवढंच पाणी प्यायली. गेल्या थंडीत एका सामन्यानंतर तिच्या छातीत दुखू लागलं. भंडाऱ्याला नेताना गाडीत ती पाणी मागत होती. ती परत आली नाही.

आजाराची ही गोष्ट गावात कुणाला ठाऊक नव्हती. बाहेरच्या एका माणसाला होती, आणि तो माणूस म्हणजे इश्वर. भंडाऱ्याच्या दवाखान्यात सिकलसेलच्या खोलीबाहेर एका बाकावर दोघं बाप आपापल्या मुलीला घेऊन बसले होते. इश्वरांची रक्षा दामिनीच्याच संघात खेळायची, त्यामुळे ओळख होती. तरी एकानं पंख्याकडे पाहिलं, दुसऱ्यानं आपल्या चपलांकडे. दोन पोरीही एकमेकींना न ओळखल्यासारख्या बसून राहिल्या. घरी येऊन गोपीचंदांनी हे एकट्या सीताबाईंना सांगितलं. पुढे दामिनी गेल्यावर हेच इश्वर प्रितमसाठी रिताचा हात मागायला आले. दोघांच्याही मनात एकच हिशेब होता, की या घरात आपल्याला कुणी काही विचारणार नाही. केवढी ही हुशारी! रिताचं आणि प्रितमचं रक्त तपासून पाहावं, हे दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही.

आता त्या संघाबद्दल सांगायला हवं. तालुक्याच्या कॉलेजचं बास्केटबॉलचं मैदान सिमेंटचं, आणि मळणीच्या दिवसांत आसपासचे शेतकरी त्यावर धान वाळत घालत. धनंजय सर हात जोडून ते उचलायला लावत, मग मुली कोंडा झाडून सराव करत. असा हा संघ पहिले सामने हरला आणि सगळ्यांनी आशा सोडली. रिता कर्णधार होती. तिनं दामिनीची जर्सी खांबाला बांधली आणि त्या दिवसापासून मुली जिंकत सुटल्या. झोनमधून दोनच संघ विद्यापीठाच्या अंतिम फेरीत जाणार होते. शेवटचा सामना भंडाऱ्याच्या संघाशी, तोही घरच्या मैदानावर. तो जिंकला की जागा पक्की, आणि या कॉलेजला ती आजवर कधीच मिळाली नव्हती. दामिनी असताना तिचं सगळं बोलणं त्या जागेबद्दलच असे.

सामना जवळ आला तसं रिताला एक स्वप्न पडू लागलं. ताई मैदानाच्या रेषेबाहेर उभी आहे, ओठ सुकलेले आहेत आणि ती पाणी मागते आहे. रितानं हे मुलींना सांगितलं. एक म्हणाली मलाही तसंच दिसतं. शेवटी ठरलं की दामिनीदीदी तहानलेली गेली, तर सामन्याच्या दिवशी जागा मिळेपर्यंत आपणही पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. हरितालिकेचा निर्जळी उपास घराघरांत पाहिलेल्या त्या मुली. त्यांना यात वावगं काही वाटलं नाही. धनंजय सर आधी रागावले, मग मुलींचे चेहरे पाहून गप्प बसले. जिंकणाऱ्या संघाला कोण अडवणार!

सामन्याच्या दिवशी रिता चहासुद्धा न घेता घरून निघाली. ती गेल्यावर सीताबाईंनी नवऱ्याला उपासाचं सांगितलं. गोपीचंद दुकानाच्या किल्ल्या घेऊन उभे होते, ते तसेच खाली बसले.

"रक्षाबी पेत नसन," सीताबाई म्हणाल्या. "एकटी पेली तर बाकीच्या विचारतीन ना, तुले काय झालं म्हणून."

गोपीचंद म्हणाले, "तिचा बाप आहे ना. तो पाहीन."

"दामिनीलेबी बाप होता."

गोपीचंदांनी किल्ल्या खाली ठेवल्या. त्यांनी रिताच्या लग्नाचा विषय काढला. आता तोंड उघडलं तर प्रितमचं स्थळ जाईल, आणि एकदा गेलं की पंचक्रोशीत दुसरं येणार नाही, असं ते पुन्हा पुन्हा सांगू लागले. सीताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. वर्षभर या बाईनं मुलीच्या आजाराचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"ताप डोक्यात गेला म्हणून तुम्ही सांगतलं, म्हणून त्या पोट्ट्या उपाशी खेळून राहिल्या," त्या म्हणाल्या. "खरं सांगतलं असतं तर त्याईनं घागर भरून नेली असती. एक पोरगी आपल्या लाजेनं खाल्ली. आता दुसऱ्याची काहून खाता? आपली रिता घरी बसली तरी चालन मले. जिती तर राहीन."

गोपीचंद मैदानावर पोचले तेव्हा सामना सुरू झाला होता. इश्वरांनी त्यांना मंडपात आपल्याजवळची खुर्ची दिली. होणारे इवाई, म्हणजे व्याही, म्हणून लोक दोघांकडे कौतुकानं बघत होते. रक्षा दामिनीच्याच जागेवर खेळत होती. ऊन चढलं तसं ती तोंड उघडं टाकून धावू लागली. खेळ थांबला की वाकून गुडघे दाबायची, आणि कुणी पाहिलं की चटकन सरळ व्हायची. दामिनी अगदी असंच करायची. गोपीचंदांना क्षणभर रक्षा दिसेनाशी झाली. त्यांचीच पोरगी तिथं पळत होती आणि तिचे डोळे पिवळे झाले होते.  त्यांनी शेजारी पाहिलं. इश्वर मैदान सोडून मंडपाच्या कापडाकडे बघत होते.

मध्यंतराला दोन्ही संघ बरोबरीत होते. घरच्या मुली जर्सीच्या खांबाभोवती हात धरून उभ्या राहिल्या. पाण्याचा कॅन बाजूला भरलेला होता, त्याला कुणी हात लावला नाही. गोपीचंद उठले, तसा इश्वरांनी त्यांचा हात पकडला. "इवाई, बसा. लग्नाचं पहा जरा," ते हळू आवाजात म्हणाले.

गोपीचंदांनी हात सोडवून घेतला आणि मैदानात गेले. मंडपातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"मायी दामिनी तापानं नाही मेली. तिले सिकलसेल होता. पाणी पेत राहा म्हणून डॉक्टरनं सांगतलं होतं. पण कोणाले समजू देऊ नको म्हणून मी सांगतलं, अन् पोरीनं मायं ऐकलं. ती तहानलेली गेली ते माह्यामुळे. तुम्ही तिच्यासाठी उपास नाही करून राहिल्या, बाई. मायं खोटं पाळून राहिल्या तुम्ही. पाणी प्या."

 रिता बापाकडे बघत उभी होती, आणि त्या नजरेला नजर देणं गोपीचंदांना जमलं नाही. रक्षाचं नाव त्यांनी घेतलंच नव्हतं. घ्यावं लागलं नाही! ती खांबापासून सुटी झाली, कॅनपाशी गेली आणि उभ्या उभ्या पाणी प्यायली. मग धनंजय सरांना म्हणाली, "सर, मलेबी तेच आहे. माह्या छातीत दुखून राहिलं. मी नाही खेळत आता."

मंडपातली इश्वरांची खुर्ची रिकामी झाली होती. ते लेकीकडे धावत येत होते.

तिला तिथूनच भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी ठेवून घेतलं, सलाइन लावलं, आणि आणखी खेळली असती तर सांगता आलं नसतं असं म्हणाले. इकडे मुली पाणी पिऊन, डोळे पुसून पुन्हा मैदानात उतरल्या. रक्षावाचून त्या जीव तोडून खेळल्या आणि एका बास्केटनं हरल्या. विद्यापीठाची जागा गेली. रडता रडता रितानं बहिणीची जर्सी सोडून घेतली.

पुढचे दिवस वाईट गेले, ते काही लपवत नाही. सानगडीच्या बाजारात कुजबुज झाली. रिता बापाशी बोलत नव्हती. आसगावहून निरोप नव्हता. रितानंच मग प्रितमला फोन केला, आणि दोघं कुणाला न विचारता रक्त तपासायला गेले.

एका दुपारी इश्वर एकटेच आले. पाणी घेतलं. मग म्हणाले, "दोघाईच्याबी रक्तात आहे. पोट्टे धडधाकट आहेत, त्याईले काही होत नाही. पण लग्न झालं तर लेकराले होऊ शकते. दर खेपेले चारात एक धोका, डॉक्टर म्हणे." त्यांनी पेला खाली ठेवला. "आपल्या दोघाईले माहीत होतं, गोपीचंदभाऊ. माहीत असून आपण हे लग्न जोडून राहिलो होतो."

लग्न मोडलं. कुणी आरडाओरड केली नाही. सीताबाईंनी रक्षाची विचारपूस केली. इश्वर म्हणाले, "घरी आहे. औषध घेते, भावाशी भांडते, दिवसभर बडबड करते." आणि हे सांगताना त्यांना गोपीचंदांकडे बघवेना. ते तोंड झाकून रडू लागले. गोपीचंदांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दारात उभी असलेली रिता आत आली आणि कितीतरी दिवसांनी बापाशेजारी येऊन बसली.

मंडळी, सिकलसेलच्या माणसाला औषध आहे, पाणी आहे, जपून जगायची वाट आहे. ज्याच्या रक्तात तो नुसता दडून असतो, त्याला तर सहसा काहीच होत नाही. त्यानं फक्त तसाच जोडीदार करायचा नाही. त्यासाठी लग्न ठरण्याआधी दोघांचं रक्त तपासायला हवं, आणि निघालेली गोष्ट चारचौघांत सांगायला हवी. ती सांगणाऱ्याला नावं ठेवणं आपण बंद केलं पाहिजे. आपण नावं ठेवतो म्हणून बाप लपवतात, आणि बाप लपवतात म्हणून पोरी तहानलेल्या खेळतात. दामिनीला आजारानं नेलं हे खरं आहे. पण गाडीत ती पाणी मागत होती, तेव्हा आपणही तिच्या बापाइतकेच गप्प होतो.