दहा नंबरचं घर

कौसल्याबाईचं शिक्षण म्हणाल तर दोन इयत्ता, त्याही अर्ध्यामुर्ध्या. एसटीच्या पाटीवरचं गावाचं नाव तिला लागत नसे, पण आकडा ती वळणावरूनच ओळखायची. रेशनवाला तिच्यासमोर काटा जपून धरायचा. आकड्यात तिला फसवणारा महागाव तालुक्यात जन्मायचा होता.

एक आकडा तर तिला चाळीस वर्षांपासून पाठ होता. तिचा नवरा नागोराव कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. त्यानं पेपरातलं एक चित्र कापून फ्रेम करून भिंतीला लावलं होतं. बाबासाहेब लंडनला शिकायला होते, तेव्हा राहत होते ते घर. रोज कामावर निघताना नागोराव त्या चित्राकडे बघायचा अन् म्हणायचा, "कौसल्या, दहा नंबर. नाव विसरलं तरी चालते, नंबर नाही विसरायचा. विचारत विचारत जाईन एक दिवस."

नागोराव नागपूरच्या पुढे कधी गेला नाही. सहा वर्षांमागे तो वारला, तेव्हा मनगटावर परित्राण पाठात रक्षणासाठी बांधलेला पांढरा धागा होता. कौसल्याबाईनं तो सोडवला अन् तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवून दिला.

यंदा श्रावणात नातू राजदीपला पुण्याच्या कंपनीनं चार दिवस लंडनला पाठवलं. जाण्याआधी तो घरी आला, तेव्हा आजीनं ती डबी त्याच्या हातात दिली.

"त्या घराच्या फाटकाले बांधजो. हार नको, फुलं नको. तुह्या आजोबाचा हात तिथं टेकला, असं समजीन मी."

"बांधतो आजी. पहिलं काम थेच," राजदीप म्हणाला.

पाचव्या दिवशी राजदीपच्या आईच्या, म्हणजे सून साधनाच्या, मोबाईलवर फोटो आला. लोखंडी कठडा, त्याला पांढरा धागा, मागं दार, बाजूला राजदीपचा हसरा चेहरा. कौसल्याबाईनं मोबाईल कपाळाला लावला. डोळ्यांना पदर लावला तो फक्त साधनानं पाहिला. वस्तीला दिसला तो निव्वळ ताठा.

मग दोन महिने काही विचारू नका. पिठाच्या गिरणीत लंडन, नळावर लंडन, आठवडी बाजारात वांगी निवडता निवडता लंडन. कोणी म्हणालं, आमचाही पोरगा दिल्लीला जाऊन आला, तर ही म्हणे, "दिल्लीले तं रेल्वेचा डबाबी जाते, बाई."

असं ठरलं की आश्विन पौर्णिमेला विहारात पावसाळ्यातलं तीन महिन्यांचं वर्षावासाचं ग्रंथवाचन संपेल, त्या दिवशी राजदीपनं यायचं अन् सगळ्यांना त्या घराची हकीकत सांगायची. महागावात फ्लेक्सचं दुकान असलेला संघदीप म्हणाला, "आजी, फोटोचा दहा फुटाचा फ्लेक्स माह्याकडून."

पौर्णिमेच्या सकाळी विहाराच्या अंगणात खिरीचं पातेलं चढलं होतं. बायका पांढऱ्या लुगड्यांत, पोरं रांगोळीत. संघदीपनं शिडीवर चढून फ्लेक्सचं वरचं टोक बांधलं अन् गुंडाळी सोडली. लंडनचं दार खडखडत खाली उतरलं.

"जमलं का आजी?"

कौसल्याबाई बघत राहिली. मोबाईलमध्ये दाराशेजारी एक बारीक ठिपका होता, तिला वाटलं होतं कुलूप असेल. आता तो ठिपका वीतभर झाला होता. तीन. अन् त्याच्या पुढं एक.

उजवीकडून वाचलं तरी दहा होत नव्हतं, डावीकडून वाचलं तरी होत नव्हतं.

तिनं पातेल्यातला कलथा साधनाच्या हाती दिला अन् रात्रीच पुण्याहून आलेल्या राजदीपला विहाराच्या मागं, कडुनिंबाखाली नेलं.

"थे कोणाचं घर होय रे?"

"म्हणजे? तेच..."

"मले दोन इयत्ता झाल्या, तुले सोळा. एकतीस मलेबी वाचता येते."

राजदीप ओशाळं हसला. "नंबर बदलले असतील आजी आता."

"घराचे नंबर बदलले, अन् तुही नजर काहून बदलली? इकडं पाहून बोल."

मग हळूहळू निघालं. तिसऱ्या दिवशी तो खरंच निघाला होता. वाटेत कॅम्डन म्हणून एक बाजार लागतो. कालव्याच्या काठी, नुसती झुंबड. हिरव्यानिळ्या केसांची माणसं, रस्त्यावर गाणी, जगातल्या साऱ्या देशांचं खाणं. तिथून ते घर पायी पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात ऑफिसातले दोघं भेटले. पुण्याचेच, तेही कामाला आलेले. म्हणाले, कुठे चाललास?

"मंग?"

"मी म्हटलं, कुठं नाही. असंच फिरतोय."

"काहून? जीभ झडली होती का?"

राजदीप झाडाची साल नखानं उकलत राहिला. "त्यायले माहीत नाही, आजी. आपण कोण, थे. ऑफिसात मी कोणालेच सांगतलं नाही. त्या घराचं नाव घेतलं असतं, तं कळलं असतं. मग त्यांच्यासंगंच फिरलो. खाल्लं-प्यालं. दिवस गेला."

कौसल्याबाई खाली बसली. उभ्या आयुष्यात ती कोणासमोर अशी मटकन बसली नव्हती.

"अन् धागा?"

"हॉटेलच्या मागच्या गल्लीत. निघायच्या दिवशी. तू वाट पाहून राह्यली होती म्हणून..."

"माह्यासाठी केलं म्हणतो!" तिचा आवाज फाटला. "अरे, हमाली करणाऱ्या माणसानं कोणापासून नाव लपवलं नाही. शेठाच्या गादीसमोर जयभीम घालायचा थो. अन् तू त्याचा हात नेऊन कोण्या बेवारस कठड्याले बांधला?"

साधना कलथा घेऊनच धावत आली. तिला बोलण्यावरूनच सारं कळलं. "माय, पाया पडते. आजच्या दिवस झाकून घ्या. एवढ्या लोकायसमोर लेकराची इज्जत जाईन. तुमचीबी जाईन."

कौसल्याबाईनं लुगड्याची धूळ झटकली. "माही मी पाहून घेईन. माइक याच्याच हातात देते. काय सांगायचं थे यानंच ठरवावं."

वंदना झाली, वाचनाची समाप्ती झाली. राजदीप उभा राहिला. समोर शंभरेक माणसं, मागं दहा फुटी दार. त्यानं आजीकडे एकदा पाहिलं. आजीनं मान हलवली. बोल, बाबा. खरं बोल, मी तुझ्या बाजूला येऊन उभी राहते, एवढं त्या मानेत होतं.

राजदीपनं घसा साफ केला. "जयभीम. त्या घरासमोर उभा राहिलो, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला..."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कडुनिंबाखाली ऐकलं ते कौसल्याबाईला लागलं होतं, पण तिथं तिनं त्याला शरमलेलं तरी पाहिलं होतं. इथं तो सराईत बोलत होता. ती उठली. टाळ्या आपोआप थांबल्या.

"बस, राजदीप. माइक ठेव खाली." तिला माइकची गरज नव्हती. "जयभीम मंडळी. थे घर दहा नंबरचं होय, हे एकतीस नंबरचं. माहा नातू तिथं गेलाच नाही. दोन महिने मी तुमच्यासमोर मिरवलं, थे खोटं होतं. मले माहीत नव्हतं, पण तोंड माहंच होतं. संघदीप, उतरव हे."

संघदीप शिडी चढला. राजदीप खाली मान घालून चपला शोधत बाहेर गेला, साधना त्याच्यामागं.

कौसल्याबाईनं मात्र पातेलं उघडलं अन् पंगतीला खीर वाढली. कोणाच्याही द्रोणात कमी पडली नाही. स्वतः तिनं बोटही लावलं नाही.

दुपारी आभाळ भरून आलं. घरच्या अंगणात सोयाबीनचा ढीग उघडा होता. तिनं फ्लेक्स ओढत आणला अन् उलटा पसरला, दार आत, पांढरी बाजू वर. कोपऱ्यांवर दगड ठेवत होती, तोच राजदीप बॅग घेऊन बाहेर आला.

"आजी, पुढच्या वर्षी परत पाठवतील. तेव्हा नक्की जाईन."

"जाजो," ती दगड सरकवत म्हणाली. "पण माह्यापाशी आता बांधाले काही राह्यलं नाही."