नळी क्रमांक सतरा

शीतखोलीत चोवीस नळ्या होत्या. सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी त्या मोजल्या. एकोणीस नळ्यांच्या प्लास्टिकमध्ये नुसतं पाणी होतं. चार नळ्यांमध्ये पाण्यावर तुकडे तरंगत होते, सर्वांत मोठा माझ्या मुठीएवढा. एक नळी, सतरा नंबरची, दाराजवळच्या थर्मोकोलच्या खोक्यात होती. ते खोकं मी उघडलं नाही. फरशीवर दीड सेंटीमीटर पाणी होतं. आतलं तापमान बावीस अंश. बाहेर ड्रिलवर हळदीकुंकवाची पाच बोटं आणि झेंडूचा सुकलेला हार.

बोटं माझी होती.

बर्फ भामाताईंचा होता. डॉ. भामा सोळुंके, वय बासष्ट, अंटार्क्टिकाच्या तीन मोहिमा. मलकपेठेत बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीत वाढल्या. लाद्या फोडताना उडालेले तुकडे उन्हाकडे धरून आतले बुडबुडे बघत बसायच्या, असं त्या सांगत. दुसऱ्या मोहिमेत, वादळात तंबू उडाला तेव्हा, ड्रिल वाचवताना त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. तिसऱ्या मोहिमेत त्याच ड्रिलनं त्यांनी किनाऱ्याजवळच्या एका हिमपठारातून बारा मीटर बर्फ काढला. ते पठार २०२१ मध्ये तुटून समुद्रात गेलं. म्हणजे जगात त्या जागेचा बर्फ आमच्या चोवीस नळ्यांमध्येच होता.

तिथला बर्फ बुडबुड्यांमुळे पांढरा असतो. एखाद्या उन्हाळ्यात वरचा थर वितळून पुन्हा गोठला, की तेवढाच पट्टा काचेसारखा पारदर्शक होतो. ताईंनी हे पट्टे मोजले होते. गेल्या तीस वर्षांत ते तिपटीनं वाढले, असा त्यांचा निष्कर्ष होता. जर्नलच्या परीक्षकानं लिहिलं, की सगळे पट्टे एकाच माणसानं मोजले आहेत, आणि ज्याला पट्टे हवे असतात त्याला ते जास्त दिसतात. दुसऱ्या कुणीतरी, आधीचे आकडे न पाहता, पुन्हा मोजावेत.

ते काम माझ्याकडे आलं. ताईंचे आकडे सीलबंद पाकिटात माझ्या खणात होते. सोमवारी सतरा नंबरपासून सुरुवात करायची, म्हणून मी ती नळी गुरुवारीच थंड जेलच्या पिशव्यांसह खोक्यात भरून ठेवली होती.

ताईंना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचं सांगितलं होतं.

खंडेनवमीला ताई दरवर्षी प्रयोगशाळेतली यंत्रं पुसायच्या, हळदीकुंकू लावायच्या आणि मेन बंद करायच्या. "वर्षभर राबतात बिचारी. दोन दिवस झोपू दे." शीतखोलीची लाइन वेगळी होती, ती चालू राहायची. यंदा त्यांनी फोन केला, "शर्वरी, माझ्या वतीनं तू कर."

मी केलं. उन्हाळ्यात वायरिंग बदललं तेव्हा शीतखोली त्याच बोर्डवर आली होती. मला ते माहीत नव्हतं. शुक्रवारी पाच वाजता मेन पाडल्यावर मी शीतखोलीचं पॅनेल पाहिलं. हिरवा दिवा, उणे वीस. पॅनेल बॅटरीवर चालतं. कॉम्प्रेसर बंद झालेला मला ऐकू यायला हवा होता, पण त्या वेळी सगळंच शांत झालं होतं, आणि त्या दिवशी ते तसंच व्हायचं असतं. शनिवारी दसरा, मग रविवार. त्रेसष्ट तास.

दहा वाजता मी मलकपेठेला गेले. दार ताईंचे धाकटे भाऊ प्रतापराव यांनी उघडलं.

"अक्का, तुझी बर्फवाली आली बघ. तोंड का असं गं पोरी? बस चुकली का कुकटपल्लीत?"

ताई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मनगटं पेन्सिलीएवढी. "किती झाले?" त्यांनी विचारलं. "आकडा सांगू नको. नळ्या किती झाल्या ते सांग."

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच थांबवलं.

"पॅनेलवर किती होतं म्हणालीस?"

"उणे वीस."

"तो आकडा सेन्सरचा. तेव्हा खराच होता. तू चुकीचं यंत्र नाही पाहिलंस, फार लवकर पाहिलंस." प्रतापरावांनी पाण्याचा पेला पुढं केला. "नक्को," त्या म्हणाल्या.

"अक्का, जाऊ दे. तू मोजलंस ना? झालं मग."

"मी मोजलं ते कुणी मानत नाही, प्रताप. म्हणून तर ही पोरगी." त्या माझ्याकडे वळल्या. "दोन बोटं दिली त्या बर्फासाठी. तिथं उणे चाळीसला टिकला, आणि इथं हळदीकुंकवानं गेला."

मी म्हणाले, "ताई, माझ्यामुळे."

"हौ. तुझ्यामुळे. पूजा करायला मी सांगितलं, ते माझं. लिहिताना दोन्ही लिही." त्यांनी डोळे मिटले. "खोक्यातल्या नळीत तापमानाचा लॉगर आहे?"

"आहे."

"मग इथं काय करतेस? दुसऱ्या विभागाच्या फ्रीजरमध्ये ने. लॉगर वाच. शून्याच्या खाली राहिली असेल तर मोज. मोजलंस की फोन लाव, आणि फोन चालू ठेवूनच पाकीट फोड. मला ऐकायचंय."

"एकाच नळीनं काय सिद्ध होणार, ताई?"

"माझा डोळा कसा आहे ते कळेल. आता तेवढंच उरलंय."

प्रतापराव मला जिन्यापर्यंत सोडायला आले. खालच्या आवाजात म्हणाले, "काही का निघेना, तिला जुळलं म्हणून सांग. कुणाचं काय जातंय?" मी जिना उतरले.

लॉगरवर सर्वांत जास्त तापमान उणे ३.८ होतं. नळी वितळली नव्हती. दुसऱ्या विभागाच्या थंड खोलीत, उणे अठराला, मी तिचा काप प्रकाशपेटीवर ठेवला आणि वरून खाली, मग खालून वर, असं तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा एकच आकडा आला. तो मी वहीत लिहिला, खाली सही आणि वेळ घातली. बाहेर येऊन फोन लावला. प्रतापरावांनी तो ताईंच्या कानाशी धरला असावा. श्वास ऐकू येत होता.

"बोल," ताई म्हणाल्या.

"दोन."

श्वास थांबला, पुन्हा सुरू झाला.

"किती वेळा मोजलंस?"

"तीन वेळा."

"फोड पाकीट. आणि मोठ्यानं वाच."

मी कात्रीनं कड कापली, कागद उघडला आणि सतरावी ओळ वाचली.

मग वहीत दोन्ही आकडे लिहिले: नळी क्रमांक १७. लांबी ५०.० सेंटीमीटर. पारदर्शक पट्टे, दुसरी मोजणी: २. पहिली मोजणी, भा. ए. सोळुंके: ५.