राखेखालचं लाल

दार वीतभर उघडलं आणि फटीतून आवाज आला, “विमा काढलेला आहे. पाणी गाळायचं यंत्रही आहे. आणखी काही नको.”

“मी काही विकायला आलेली नाही,” प्राध्यापकबाई म्हणाल्या. तीन जिने चढून त्यांना धाप लागली होती. “घारदादा इथंच राहतात ना?”

दार पूर्ण उघडलं. तिशीतली एक मुलगी उभी होती, दवाखान्याच्या प्रयोगशाळेचा पांढरा कोट हातावर टाकलेला. वडिलांचं हे नाव तिने आजवर फक्त वडिलांच्याच तोंडून ऐकलं होतं, आणि तेही थट्टेत.

आत दादा टेबलपंख्याची पाती फडक्याने पुसत बसले होते. त्यांनी मान वर केली, चष्मा सारखा केला.

“बाई! अहो, केस पांढरे केलेत की सगळे.”

“तुम्ही तर खर्चूनच टाकलेत.”

दोघंही हसली. मुलगी चहा ठेवायला वळली. शेगडी खोलीच्याच कोपऱ्यात होती, त्यामुळे तिला सगळं ऐकू येत होतं.

एकतीस वर्षांपूर्वी ही दोघं एकाच खड्ड्यात काम करत. नदीकाठी एक टेकाड होतं आणि त्याच्या पोटात एकावर एक दोन गावं. खालचं गाव काळी भांडी वापरणाऱ्यांचं. ते कधीतरी जळालं आणि त्याची हातभर राख उरली. त्या राखेवर दुसरं गाव वसलं, लाल भांडी वापरणाऱ्यांचं. ही माणसं एकमेकांना भेटली होती, की मधे शतकं उलटली होती, एवढाच प्रश्न होता, आणि तेवढ्यासाठी बाईंच्या सरांच्या हाताखाली पंचवीस माणसं दोन हंगाम माती खरवडत होती. बाई तेव्हा चोवीस वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. नोंदवही त्यांच्याकडे असायची, थापी दादांकडे. मातीचा रंग किंचित बदलला तरी दादांचा हात आपसूक थांबायचा. म्हणून मजुरांनी त्यांचं नाव घार ठेवलं होतं.

“काय काम काढलंत एवढ्या लांब?” दादांनी विचारलं.

बाईंनी पिशवीतून कागद काढले, मांडीवर ठेवले आणि न दुमडलेले कोपरेही सरळ केले.

“टेकाडावर पुन्हा खणलं आम्ही. आपल्या खड्ड्याला लागूनच. राखेखाली लाल खापर एकही निघालं नाही. मग राख आणि लाल भांड्यांवरची काजळी, दोन्ही वय काढायला पाठवली. त्याचा अहवाल मागच्या महिन्यात आला. राख आणि ती भांडी यांच्यात तीनशे वर्षं आहेत, दादा. तुम्ही म्हणालात तेच बरोबर होतं.”

“मी काय म्हणालो होतो?”

वाटेत बाईंनी त्यांच्या रागावर द्यायची उत्तरं जुळवून आणली होती. दादा तर रागावलेच नव्हते.

“राखेखाली लाल नव्हतं, असं.”

“हां, ते.” दादांनी फडकं गुडघ्यावर पसरलं. “चुकलंच होतं तेव्हा माझं. नजर कमी झाली होती.”

“तुमचं नाही चुकलं. आमच्या नोंदीत गल्लत झाली होती.”

“असं कसं? तुम्ही स्वतः पाहिलं होतंत. सरांसमोर सांगितलंत की.” त्यात टोमणा नव्हता. बाईंना धीर द्यावा तसं ते बोलत होते. “त्याच महिन्यात चष्मा केला मी. आपल्या डोळ्यांवर माणसानं फार विसंबू नये, हे मात्र शिकलो.”

बाईंनी मान खाली घातली. तो दिवस त्यांना इतका लख्ख दिसत होता की कालची गोष्टही तेवढी दिसली नसती. धुतलेली खापरं गोणपाटावर वाळत होती, राखेवरची एकीकडे, राखेखालची दुसरीकडे. हातात पाण्याची बादली घेऊन त्या घाईने निघाल्या, पाय गोणपाटात अडकला आणि दोन ढिगांचा एक झाला. आसपास कोणी नव्हतं. नंतर निवडू, म्हणून त्यांनी हाताला येतील तशी खापरं दोन पाट्यांत भरली आणि वर चिठ्ठ्या बांधल्या. निवडायच्या आधीच सर आले.

राखेखालच्या पाटीत सरांना लाल तुकडा दिसला. त्यांनी तो उचलून उजेडात धरला. “एकत्र राहत होते!” ते म्हणाले. “मी वीस वर्षं हेच म्हणतोय.”

“साहेब, राखेखाली लाल नव्हतं,” दादा म्हणाले होते.

सरांनी बाईंकडे पाहिलं. आणि बाई म्हणाल्या, “होतं सर. मी स्वतः पाहिलं.”

“घार म्हणे!” सर हसले. “डोळे तपासून घे रे बाबा.”

दुसऱ्या दिवशी खड्ड्यात दुसरा माणूस उतरला आणि दादा मातीच्या पाट्या वाहू लागले. पुढच्या हंगामात त्यांना बोलावणंच गेलं नाही. त्या लाल तुकड्यावर सरांचा ग्रंथ उभा राहिला, बाईंची नोकरी उभी राहिली. संग्रहालयाच्या भिंतीवरच्या लांबलचक कालपटावर काळा आणि लाल पट्टा दीडशे वर्षं शेजारी शेजारी चालू लागला. तो पट पाहायला शाळेची मुलं रांगेत येत.

चहा आला. दादांनी कप हातात घेतला, पण प्यायला नाही.

“म्हणजे ती माणसं भेटलीच नाहीत एकमेकांना?”

“नाही.”

“अरेरे,” ते म्हणाले, ओळखीतल्या कोणाचं मोडलेलं लग्न कळावं तसे. मग त्यांनी बाईंच्या मांडीवरच्या कागदांकडे बोट केलं. “हे छापणार?”

“पुढच्या आठवड्यात पाठवतेय. त्यात तुमचं नाव घातलंय. हे पहिल्यांदा तुम्ही ओळखलं होतं, असं.”

“कशाला? सर तर गेले बिचारे. उगाच तुमच्याकडे बोट दाखवतील लोक. नोंदी तुमच्या होत्या. आणि माझं नाव तर नकोच. म्हणतील, चष्मेवाल्याला घार म्हणतात.” स्वतःच्याच विनोदावर ते खोकेपर्यंत हसले. “चहा घ्या. निवतोय.”

बाईंनी तो एका घोटात संपवला. अंगावरचं ओझं कोणीतरी हलकेच उचलून घेतल्यासारखं झालं होतं, आणि ते इतकं बरं वाटलं की त्यांना तिथे बसवेना. त्या उठल्या. येते म्हणाल्या.

“कामाला निघालेच होते, सोडते तुम्हाला खाली,” मुलगी कोट घालत म्हणाली.

पहिला जिना दोघी उतरल्या. दुसऱ्याच्या वळणावर मुलगी म्हणाली, “बाबांच्या चष्म्याला नंबर नाहीये.”

बाई थांबल्या.

“दुकानदार सांगत होता, डोळे ठणठणीत आहेत. यांनी हट्टानं साध्या काचा बसवून घेतल्या. चारदा काड्या बदलल्या, काचा तशाच साध्या. मी लहानपणी काही ठासून बोलले की म्हणायचे, एवढी खात्री बरी नव्हे बाळ, मलाही होती.”

बाईंनी कठड्याला धरलं.

“माझ्याकडे रोज दोनशे नमुने येतात,” मुलगी पुढे म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “चिठ्ठी चुकली तर भलत्याच माणसाला औषध मिळतं. तिथं आम्हाला ‘गल्लत झाली’ असं लिहून चालत नाही. कोणी केली, ते लिहावं लागतं. मघाशी वर तुम्ही म्हणालात, झाली. झाली, की केली?”

“केली. मी केली.”

“कळलं कधी? अहवाल आल्यावर?”

खालच्या मजल्यावर कोणीतरी दाराला कुलूप घालत होतं. ते माणूस बाहेर पडून गेल्यावर बाई म्हणाल्या,

“नाही. त्याच दिवशी. सर यायच्या आधीच मला माहीत होतं.”

मुलगी ओरडेल असं बाईंना वाटलं. ओरडली असती तर सोपं झालं असतं. तिने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, फोन काढून कोणाला तरी उशीर होईल एवढंच सांगितलं.

“हे वर नाही सांगितलंत तुम्ही.”

“नाही.”

मुलीने त्यांच्या हातातली कागदांची पिशवी घेतली आणि ती पुन्हा जिना चढू लागली. मागे वळून तिने पाहिलं नाही. फक्त वळणावर, बाईंना दम लागला तेव्हा, ती दोन पायऱ्या वर थांबून राहिली.

दार उघडंच होतं. दोघींना पाहून दादा लगबगीने उठले.

“काही विसरलात का, बाई?”

“हो.”

दादा खोलीभर शोधू लागले. खुर्चीखाली वाकून पाहिलं, उशी उचलून पाहिली. मुलीने त्यांच्या दंडाला धरून त्यांना खाली बसवलं. बाई उभ्याच राहिल्या.