बिशप महाराजांना मी पाडलं नाही

मी मोरेत्तो बोलतोय. बिशप तेओबाल्दो महाराजांचं काळं खेचर. त्यांना चिखलात पाडणारं ते हेच, असं म्हणून बाजारात पोरंटोरं माझ्याकडे बोट दाखवतात. म्हणून खरं काय घडलं ते सांगतो.

माझी आई घोडी, बाप गाढव. जन्म आपेनिनो डोंगरातल्या एका मेंढवाड्यात. तिथून महाराजांनी मला आणलं, ते माझी चाल संथ म्हणून. त्यांना चालत्या पाठीवर वाचायची सवय होती. लगाम माझ्या मानेवर टाकायचे आणि पुस्तक उघडायचे. एखादी ओळ आवडली की मोठ्यानं म्हणायचे आणि मला विचारायचे, "काय, जमलंय ना?" मी कान हलवायचो. ग्रीक मला कळत नाही, पण त्यांचा आनंद कळायचा.

कुठे दोन सरदारांचं किंवा दूरच्या राजांचं बिनसलं की पोप महाराज यांनाच धाडत. मग आम्ही निघायचो. झोळीत चेस्टनटच्या पिठाची भाकरी आणि मेंढीचं चीज, आणि मागे त्यांची थोरली बहीण ओर्तेन्सियाबाई दारात उभ्या राहून ओरडायच्या, की वाचता वाचता दरीत जाऊ नकोस.

महाराज पडले त्या वर्षी मोन्तालेराचा कोराद्दो आणि सास्सोनेरोचा उगुच्चो नदीवरच्या पिठाच्या चक्कीवरून भांडत होते. दोन्हीकडची शेतं जळली होती. चक्की बंद, म्हणून लोक अख्खे गहू उकडून खात होते. महाराजांनी खटपट करून दोघांना नदीकाठी आणलं. दोघे आले, पण घोड्यावरून उतरेनात. आधी उतरेल तो हरला, असं दोघांच्याही डोक्यात.

ऊन तापलं. महाराज लॅटिनमध्ये बोलले, मग साध्या बोलीत बोलले. दोघे पुतळ्यासारखे बसून. तेवढ्यात कोराद्दोच्या शिपायांतून कुणीतरी उगुच्चोच्या आईवरून काहीतरी बोललं. सगळे हात तलवारींवर गेले.

महाराज बोलता बोलता थांबले. माझ्या मानेवर वाकून हळूच म्हणाले, "माफ कर रे, मोरेत्तो." मला काही समजायच्या आत त्यांनी रिकिबीतून पाय काढले आणि धाडकन चिखलात पडले. मी जागचा हललोसुद्धा नव्हतो!

दोन्ही सरदारांनी एकदम उड्या टाकल्या. एकानं डावा दंड धरला, एकानं उजवा. महाराज कण्हत म्हणाले, "आता दोघंही खाली उतरलाच आहात, तर बसून घ्या."

आधी एक शिपाई हसला, मग सगळा काठ हसू लागला. कुणीतरी वाइनचा बुधला आणला. संध्याकाळपर्यंत ठरलं, चक्की दोघांची. एक आठवडा यांचा, एक त्यांचा.

घरी आल्यावर ओर्तेन्सियाबाईंनी महाराजांचा सुजलेला गुडघा पाहिला आणि मीच पाडलं असं समजून मला मिठाची ओझी वाहायला मीठवाल्याला देऊन टाकायचं ठरवलं. तो दोर घेऊन तबेल्यात आलासुद्धा. मीठवाल्याची खेचरं मी पाहिली होती. त्यांच्या पाठीवर केस उरत नाहीत. तेव्हा महाराज काठी टेकत आले आणि दोर त्याच्या हातून काढून घेतला.

"ताई, यानं नाही पाडलं. मीच पडलो. मुद्दाम."

ओर्तेन्सियाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "एवढं ग्रीक-लॅटिन शिकलास, तेओ, आणि शेवटी पडून दाखवलंस?"

"त्या भाषा त्यांना कळत नव्हत्या, ताई."

त्या इतक्या हसल्या की शेवटी तबेल्यातच बसल्या. मीठवाला एक पेला वाइन पिऊन रिकाम्या हातानं गेला.

गुडघा मात्र पुरता बरा झाला नाही. महाराजांना पुन्हा कधी खोगिरावर बसता आलं नाही. दूर देशांतल्या राजदरबारांत आता दुसरे जातात. मला वाटलं होतं, ते खचतील. पण नदीपलीकडून त्याच चक्कीवर दळलेल्या पिठाच्या भाकऱ्या आल्या, त्या दिवशी त्यांनी हसत एक अख्खी मला दिली.

आता मीही म्हातारा झालोय. रोज ऊन उतरलं की आम्ही जैतुनाच्या बागेत फिरायला जातो. त्यांचा एक हात माझ्या मानेवर, दुसऱ्या हातात पुस्तक. ते थांबले की मी थांबतो. माझी पाठ रिकामी बघून वाटेतली भली माणसं त्यांना उचलून वर बसवायला धावतात. तुम्ही भेटलात तर तेवढं करू नका. जरा बाजूला व्हा आणि आम्हा दोघांना चालू द्या.