उशीला टाचलेलं क्रियापद

सूनबाई पहिल्यांदाच आमच्या घरी राहायला येणार होती. तिच्याशी बोलायचं काय, हा प्रश्न पडला तेव्हा आमच्या हिने मुलाला फोन लावला.

"तिला कशाची आवड आहे रे?"

"खुनाची," मुलगा म्हणाला.

हिने आधी खिडकी लावून घेतली. मग मुलाने खुलासा केला. खून म्हणजे पुस्तकातले. सूनबाई खुनाच्या गोष्टी वाचते, झोपताना वाचते, जेवताना वाचते, आणि त्यावर कुणी बोलायला मिळालं तर तिला जेवणाचीही शुद्ध राहत नाही.

लग्न तिकडे परदेशातच झालं होतं. तेव्हापासून सासू-सुनेची भेट फोनच्या पडद्यावरच. तिला आपली भाषा येत नाही, हिला इंग्रजी येत नाही. दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या, हात हलवायच्या, आणि मधे मुलगा भाषांतर करायचा. "मी चांगली दहा वाक्यं बोलते आणि हा तिला दोन शब्दांत गुंडाळून देतो," ही म्हणायची. "बाकीची आठ खातो कुठे?" या खेपेला मुलाला मधे न घेता सुनेशी स्वतः बोलायचं, असं हिने ठरवलं होतं. नाहीतर ही मुलगी आठवडाभर पाहुण्यासारखी राहून जाईल आणि पुन्हा येणार नाही, ही धास्ती हिने मला उघड बोलून दाखवली नाही, पण पडदे धुतले ते दोनदा.

हिने उभा जन्म शिवणकामात काढला आहे. घराची पुढची खोली म्हणजे हिचं दुकान. तिथे येणाऱ्या प्रत्येक कापडाला चिठ्ठी टाचली जाते: कुणाचं, काय शिवायचं, बाही केवढी. चिठ्ठी नसलेलं कापड हिच्या लेखी जगात नाही. तेव्हा इंग्रजी शिकायचं ठरल्यावर हिने शब्दकोश उघडला, चिठ्ठ्या कापल्या आणि टाचण्यांची डबी जवळ ओढली.

मी शब्दकोशात डोकावलो आणि गोंधळून गेलो. माणूस मारायचा तर आपलं एका क्रियापदात भागतं; गळा दाबून, भोसकून, बुडवून असं काय ते आधी जोडायचं. यांच्याकडे दर पद्धतीला वेगळा शब्द.

"एवढे शब्द करून ठेवलेत म्हणजे लागतच असतील," ही म्हणाली.

"रोज?"

"मला काय विचारता? तुम्ही ऑफिसात इंग्रजी लिहीत होतात ना?"

मी वीजबिलाच्या ऑफिसात होतो. आमच्या इंग्रजीत कुणी कुणाला मारत नसे. फार तर वीज तोडायचो.

पाहता पाहता घर चिठ्ठ्यांनी भरलं. वर इंग्रजी शब्द, खाली मराठी उच्चार. सुरीला दोऱ्याने बांधलेलं 'स्टॅब', लाटण्याला 'ब्लजन', म्हणजे डोक्यात हाणून मारणे, बादलीला 'ड्राउन', गीझरच्या बटणाला 'इलेक्ट्रोक्यूट'. गच्चीच्या कठड्यावर नुसतंच 'पुश'. विष घरात नव्हतं, म्हणून 'पॉइझन' साखरेच्या डब्यावर गेलं. माझ्या डॉक्टरांना इतकी वर्षं जे जमलं नव्हतं, ते त्या चिठ्ठीने एका सकाळी केलं.

ओरबाडणे, चिमटा काढणे असले किरकोळ शब्द हिने गाळले. "हात घालायचाच तर अर्धवट कशाला?"

गाडं अडलं ते 'स्ट्रँगल' आणि 'थ्रॉटल'पाशी. शब्दकोश दोन्हीकडे 'गळा दाबणे' म्हणत होता.

"गळा एक, दाबणं एक, मग शब्द दोन का?" मी विचारलं.

"एकात जीव जात असेल, दुसऱ्यात जाता जाता राहत असेल."

"कोणत्या?"

"तेच तिला विचारणार आहे. बोलायला विषय नको का?"

पाहुणी यायच्या दिवशी मी भीत भीत सुचवलं, की चिठ्ठ्या आता काढूया का.

"का म्हणून? मी किती मेहनत घेतलीय ते तिला दिसू दे की!"

ती दोघं संध्याकाळी आली, प्रवासाने पार आंबलेली. सूनबाईने सुरीवरची चिठ्ठी वाचली, मग साखरेच्या डब्यावरची. चहा बिनसाखरेचा घेतला. तिने मुलाला हळूच काहीतरी विचारलं, तर तो जांभई देत म्हणाला, "आईचं काहीतरी चाललेलं असतं." जेवण झाल्यावर दोघं झोपायला गेली. तिच्या उशीला 'स्मदर' टाचलेलं होतं. नाकातोंडावर दाबून श्वास कोंडणे.

सकाळी सूनबाई खोलीबाहेर आली ती उशी छातीशी धरून. डोळे तारवटलेले. आत आमचे चिरंजीव निवांत घोरत होते. मुलाने तिला 'आई' हा एक शब्द शिकवला होता, तेवढाच आमचा. पुढचं तिने इंग्रजीत, सावकाश विचारलं.

"आई, यू डोंट वाँट मी हिअर?"

ते हिला कळलं. मी तुम्हाला इथे नको आहे का, हे कुठल्याही भाषेत कळतं. हिचा चेहरा पडला. हिने माझ्याकडे पाहिलं, पण मला त्या क्षणी 'थकबाकी'चं इंग्रजी तेवढं आठवत होतं.

"नो, नो!" ही तिच्याकडे धावली. "यू लव्ह किल! आय लर्न किल! फॉर यू!"

सूनबाई दोन पावलं मागे सरकली. याने गोष्टी सुधारल्या की बिघडल्या, ते मला कळेना. हिलाही कळलं नसावं. हिने तिचं मनगट धरलं आणि तिला पुढच्या खोलीत नेलं. तिथे कात्रीशेजारी शब्दकोश उघडा होता, आणि चुकलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग. एकेक शब्द पाच-पाचदा गिरवलेला, खोडलेला, पुन्हा लिहिलेला.

"मी," ही छातीवर हात ठेवून म्हणाली. "यू. टॉक." आणि रडायलाच लागली.

सूनबाईने एक चिठ्ठी उचलली. मग दुसरी. मग ती खोलीत गेली आणि जाडजूड पुस्तक घेऊन आली. मुखपृष्ठावर एक बाई पालथी पडलेली. ते तिने शब्दकोशावर ठेवलं.

हिने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि थेट मुद्द्यावर आली.

"स्ट्रँगल. थ्रॉटल. व्हॉट?"

सूनबाईचा चेहरा असा उजळला, की मला आमच्या मुलाची जरा काळजी वाटली. तिने समजावायला सुरुवात केली. शब्द कमी पडले, हात अपुरे पडले. मग दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

"अहो, झोपा बघू इथे."

मी कापड बेतायच्या टेबलावर आडवा झालो. सूनबाईने हिची मोजपट्टी माझ्या गळ्याभोवती घेतली. हे बहुधा पहिलं. मग पट्टी काढून नुसते हात ठेवले, हे दुसरं. किंवा उलट. "म्हणजे यात मी मेलो का?" असं मी विचारलं, पण त्या दोघींचं यावरच वाजलं होतं. ही म्हणत होती मेले, सूनबाई म्हणत होती अजून नाही, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं.

मुलगा डोळे चोळत दारात आला. "बाबा? आई, काय करताय तुम्ही? थांबा, मी सांगतो तिला..."

"तू मधे पडू नकोस," ही म्हणाली.

अखेर मी मेलो असं ठरलं. आता प्रेत लपवायचं कुठे, यावर गाडी आली. हिला 'लपवणे' अडलं.

"अहो, लपवायला इंग्रजीत काय म्हणतात?"

तो एक शब्द मला येत होता. मी तोंड उघडलं, तोच सूनबाईने माझ्या ओठांवर बोट ठेवलं.

"डेड मॅन, नो टॉक."

मी गप्प पडून राहिलो. हिने ओढणी घेतली, माझ्या तोंडावर टाकली, आणि प्रश्नार्थक मुद्रेने तिच्याकडे पाहिलं असावं. मला ओढणीखालून काही दिसत नव्हतं. त्या दोघी मोठमोठ्याने हसल्या एवढं ऐकू आलं. कशाला, ते मला अजून समजलेलं नाही.