रुपर्टबाबांचा आगदगड

ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी, गावातल्या सगळ्या चुली विझवून झाल्यावर, आफ्राने बापाच्या उशाशी असलेली पेटी उघडली. आत दगड नव्हताच. राखाडी-पांढरा भुगा होता, त्यावर हिरवट फुलोरा, आणि आंबूस वास नाकात चढत होता.

टिरोल प्रांतातल्या त्या चांदीच्या खाणींच्या डोंगरात ह्या दगडाचा मान मोठा. पायराईटच तो, लोखंड आणि गंधकाचा, पण सोन्यासारखा पिवळाधमक. सोनार त्याला दारात उभं करत नसे. न करो बापडा! वर्षाचा नवा विस्तव चर्चच्या अंगणात त्याच्याच ठिणगीने पाडायचा, अशी गावाची रीत होती. दगड गारगोटीवर झोडायचा, ठिणगी वाळवलेल्या अळंबीच्या किसात झेलायची, आणि तिथला निखारा घरोघरी न्यायचा. सोन्याची अख्खी लगड आपटून बघा, एक ठिणगी पडेल तर शपथ.

ठिणगी पाडण्याचा मान आफ्राच्या वडिलांचा, रुपर्टबाबांचा. ऐन उमेदीत त्यांनी हा दगड स्वतः खाणीतून काढून आणला होता. आता त्यांचे डोळे पार गेले होते, हात थरथरत होते, म्हणून यंदा पहिल्यांदा आफ्रा उभी राहणार होती. गेल्या ईस्टरला तिनेच दगड कोरड्या लोकरीत गुंडाळून ठेवला होता. वर्षभर पेटी उघडायची नाही, हीही रीतच.

आता ती लोकर ओलीचिंब होती. फळीवर बाबांची तीर्थाची बाटली रिकामी पडली होती. दर रविवारी ते ती चर्चमधून भरून आणायला लावत. "म्हाताऱ्या माणसाला लागतं गं," म्हणत. आफ्राला सगळा उलगडा झाला. पोरीच्या हाताला यश यावं म्हणून ते रोज गुपचूप दगडाला तीर्थ पाजत होते.

"आफ्रा, दगड बरा आहे ना गं?" बाहेरच्या बाकावरून बाबांनी विचारलं.

"छान आहे, बाबा!" तिने झाकण लावलं. लोक हसले असते तर तिने हसू दिलं असतं. पण आपल्याच हाताने आपण दगड घालवला हे बाबांना कळलं, तर हा माणूस कायमचा अंथरूण धरेल, ह्या विचाराने तिचे डोळे भरून आले.

पेटी घेऊन ती निघाली. वाटेत योर्ग लोहाराने तिचा चेहरा बघून पेटी उघडायला लावली आणि तो चुकचुकला. "एवढंच ना? ठिणगी पाडायला माझं पोलाद घे. कोण बघतंय!"

"बाबांना दिसत नाही, पण नाक शाबूत आहे. पोलादाच्या ठिणगीला गंधकाचा वास कुठून आणू?"

"मग त्यांना डुकरं राखणाऱ्या बार्टलशेजारी उभं कर. दुसरा वासच यायचा नाही."

एरवी ती हसली असती. आज ती तडक गावाबाहेर अल्बान मास्तरांकडे गेली. मास्तर किमयागार. ह्याच दगडातून सोनं काढण्यात त्यांनी केस पांढरे केले होते. त्यांची भट्टी म्हणजे पंचक्रोशीतला एकमेव न विझणारा विस्तव, आणि त्यावरून फादर दरवर्षी त्यांच्या दारात येऊन आरडाओरडा करत.

मास्तरांनी चिमूटभर भुगा उजेडात धरला आणि त्यांचे डोळे लकाकले. "मेला नाही गं हा. आतल्या आत जळालाय. पाणी लागलं की ह्याच्यातली आग हळूहळू सुटते. हे हिरवं बघितलंस? हिराकस! शाई होते ह्याची. काय दगड आहे बघ, मरतानाही कामाला येतो."

"मास्तर, मला दुसरा हवाय. ह्याच डोंगराचा. आत्ता. आणि बाबांना कळता कामा नये."

मास्तरांच्या फळीवर असा दगड एकच उरला होता. एकमेकांत घुसलेले चौकोन, कुणी पैलू पाडावेत इतके नेटके, आणि खिडकीतलं ऊन त्यांच्यावर असं पडलेलं की आफ्रा क्षणभर आपलं दुःखही विसरली. सोनं निघालं तर ह्यातूनच, असं मास्तर सगळ्यांना सांगत. त्यांनी तो हातात घेतला, पुसला, पुन्हा पुसला. मग ऐरणीवर ठेवला. "गुळगुळीत बाजूने ठिणगी धड पडायची नाही. फोडायला हवा," असं म्हणून त्यांनी स्वतःच हातोडा घातला. तांबूस ठिणग्या उडाल्या, आणि म्हातारा लहान मुलासारखा हसला. "आयुष्यभर ह्याच्याकडे मागत बसलो आणि जे तो देत होता ते बघितलंच नाही!" त्यांनी भट्टीतला विस्तव पाणी ओतून विझवला आणि टोपी उचलली. "चल. यंदा मीही नवा विस्तव नेतो."

अंगणात गाव जमला होता. बाबा अगदी पुढे, मान वर करून उभे. आफ्राने दगड झोडला. काही नाही. पुन्हा झोडला. मागे कुणीतरी खाकरलं. तिसऱ्यांदा एक तांबडा ठिपका किसात पडला, तिथेच चिकटून राहिला, आणि ती जपून फुंकत राहिली. किसाची कड लाल होऊन पसरत गेली. गंधकाचा वास दरवळला.

बाबांनी छाती भरून श्वास घेतला. "आला! माझाच दगड तो!" त्यांनी चाचपडत तिचा हात धरला आणि कानाशी लागले. "तुला सांगितलं नव्हतं. रोज तीर्थ घालत होतो त्याला. म्हणून तुझ्या हाताला यश आलं."

"हो, बाबा," आफ्रा म्हणाली. "तुमच्यामुळेच."

बाबांनी समाधानाने खिशातून छोटी कुपी काढली. "चर्चमधून आत्ताच भरून घेतली. आण इकडे, थोडं घालू."

आफ्राने घाईने मूठ मागे घेतली. तेवढ्यात मास्तर पुढे झाले. आपल्या दगडाच्या त्या तुकड्याकडे त्यांनी एकदा बघितलं.

"रुपर्ट," ते म्हणाले, "तुझ्या दगडाला तीर्थ भरपूर झालं. आता त्याला मेणात ठेवायचं. आणि हे तीर्थ पोरीच्या हातावर घाल. यंदापासून यश त्या हाताचं."

बाबांनी कुपी उघडली आणि थरथरत्या हाताने, एक थेंब सांडू न देता, तिच्या काळवंडलेल्या बोटांवर ती रिकामी केली.