पिंकीची रील

सिकलसेलच्या रुग्णांना रक्तदाते मिळवून देणारी आमची संस्था सक्करदऱ्यात एका खोलीत चालते. मी इंदू, तिथं फोन करते. अमक्या गटाचं रक्त हवंय, उद्या सकाळी याल का, एवढंच विचारायचं. पेशंटचं नाव दात्याला सांगायचं नाही, हा आमचा पहिल्यापासूनचा नेम.

मग अध्यक्षांचा भाचा ऋषी सोशल मीडिया सांभाळायला आला. "इंदुताई, दिसलं नाही त लोकं देत नाहीत," म्हणाला. आमची एक पेशंट पिंकी, तिला रक्त चढत असताना त्याने तिचं शूटिंग केलं. ऑफिसच्या कामाला लागत असेल असं समजून ती बिचारी हसलीसुद्धा. या शहाण्याने ते हसू कापलं, दुखताना मिटलेले डोळे तेवढे ठेवले, मागे रडकी बासरी लावली आणि वर लिहिलं, 'ही चार दिवसांची सोबती?' शहराबाहेरच्या बेस्याहून स्कूटीवर रोज कापडाच्या दुकानात कामाला जाणारी खणखणीत बोलणारी पोरगी ती.

लाखो लोकांनी पाहिलं. कमेंटमध्ये जोडलेले हातच हात. त्यातला एकही हात सुई टोचून घ्यायला आला नाही. ऋषीने तरी पेढे वाटले. माझा पेढा मी कागदात गुंडाळून टाकून दिला.

पिंकीचं साक्षगंध सावनेरच्या प्रीतमशी झालं होतं. त्याला तिचा आजार माहीत होता, त्याच्या आईबापालाही. त्याने स्वतःची तपासणी करून घेतली होती, त्यात काही निघालं नव्हतं. गावाला तेवढं ठाऊक नव्हतं. रील गावभर फिरली आणि प्रीतमच्या आईचा फोन आला, "लोकं विचारून राहिले, मरत्या पोरीले सून काहून करून राहिले म्हणून." लग्न मोडलं.

मी ऋषीला रील काढून टाक म्हटलं. "आता कशी काढू ताई? आत्ताच त चालून राहिली." मला त्या पोराची शिसारी आली. त्याच्या शेजारी बसून डबा खाणंही मी सोडलं.

मे महिन्यात पिंकीचं रक्त पुन्हा उतरलं. उन्हाळ्यात दाते मिळत नाहीत. कोणी गावी, कोणी लग्नात. मी दिवसभर फोन केले. संध्याकाळी ती आईच्या खांद्याला धरून ऑफिसात आली, ओठ पांढरे पडलेले. ऋषीने लगेच मोबाइल काढला.

"पिंकी, पार्ट टू करू. लग्न मोडलं ते सांग. लोकं भडकतीन, रक्त येईन."

"लाज वाटते का गा तुले?" मी ओरडले.

"राहू द्या मावशी," पिंकी म्हणाली. "तुमाले कोणी भेटलं का?"

मी नंबरांची वही मिटली. कोणी भेटलं नव्हतं.

ती खुर्चीवर नीट बसली. ओढणी सारखी केली.

"भाऊ, रडा लागन का?"

"थोडंसं," ऋषी म्हणाला, आणि खिडकीचा पडदा सरकवून त्याने उजेड तिच्या तोंडावर घेतला.